चिमणीएवढी टेकडी

सोलापुरात बर्फ म्हटलं की काय आठवतं? रसवंतीवाल्याच्या गाड्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, नाहीतर शाळेबाहेर मिळणारा लाल-हिरवा गोळा. त्यामुळे बर्फावरून घसरण्याच्या खेळावर लिहायला बसलेय म्हटल्यावर आमचे हे हसले. म्हणाले, "बर्फ राहू दे, आपल्याकडं घसरायला आधी उतार तरी आहे का?"

खरंच आहे ते. आपलं गाव सपाट. डोंगर बघायचा तर तुळजापूरचा घाट गाठावा लागतो. पण मैत्रिणींनो, मला सांगायचंय ते एका टेकडीबद्दलच. ती आपल्याकडची नाही, फार उंचही नाही. तरी परत आल्यापासून ती काही डोक्यातून जात नाही.

झालं असं, की माझी धाकटी बहीण अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. तिचं दुसरं बाळंतपण होतं. आई आता नाही, तिच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून थोरल्या बहिणीनं जायचं ठरलं. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, शेंगाची चटणी, कडक भाकरी असं सगळं बांधून मी भर थंडीत तिकडे पोचले. बाहेर उणे पंधरा, उणे वीस. सोलापूरच्या बाईला त्रेचाळीस अंश सोसता येतात, पण हे काहीतरी वेगळंच होतं. नाकातला श्वास आत जाताना टोचायचा.

बहिणीची थोरली मुलगी आठ वर्षांची. आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटली की तिला 'स्कीइंग'ला न्यायचं असायचं. बाळंतीण घरात, मेहुण्यांचं ऑफिस, मग तिला सोडायला शेजारची बाई गाडी घेऊन यायची आणि सोबत म्हणून मावशी. मला वाटलं आता मोठमोठे हिमशिखरं बघायला मिळणार. डोळ्यांसमोर सिनेमातलं काश्मीर! आणि गाडी थांबली ती चक्क हायवेच्या कडेला. एका बाजूला ट्रकांची रांग, दुसऱ्या बाजूला एक पांढरी टेकडी. वर दिव्यांचे खांब. बस्स.

त्या टेकडीचं नाव बक हिल. मिनियापोलिस शहराच्या दक्षिणेला बर्न्सव्हिल म्हणून गाव आहे, तिथं. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची साधारण तीनशे फूट, म्हणजे नव्वद-पंच्याण्णव मीटर. आपल्या सोलापूरकरांना पटकन कळेल असं सांगायचं तर सिद्धेश्वर साखर कारखान्याची जी चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, जवळपास तेवढी. त्या चिमणीवरून आपल्याकडं किती वर्षं वाद चालला ते आठवत असेलच. तर तेवढीच ही टेकडी. भाचीला मी म्हटलंसुद्धा, "एवढीशीच?" ती म्हणाली, "मावशी, वर जाऊन खाली बघ, मग बोल."

मी काही वर गेले नाही. खाली पायथ्याशी काचेची मोठी खोली होती, हीटर लावलेली, तिथं इतर आयांबरोबर बसून दोन महिने ती टेकडी बघितली. आणि बघता बघता बरंच काही शिकले.

पहिल्या दिवशी या मुलांना शिकवतात ते पडायला. कसं पडायचं, पडल्यावर कुठल्या बाजूला कलायचं, काठी न रोवता कसं उठायचं. पायांत बूट इतके कडक की घोटा वळतच नाही. बुटाखाली लांब पट्टी, आणि पट्टीला खटका. जोरात पडलं तर खटका आपोआप सुटतो, पट्टी निघून बाजूला जाते आणि पाय पिरगळत नाही. मग थांबायला शिकवतात. दोन्ही पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि मागची फाकवायची, की वेग कमी होतो. त्या आकाराला मुलं 'पिझ्झा' म्हणतात. उतारावरून एखादं चिमुरडं सुसाट खाली येत असतं आणि खालून शिकवणारी बाई ओरडत असते, "पिझ्झा! पिझ्झा!" पहिल्यांदा मला वाटलं खायला बोलावतायत.

उतारांनाही खुणा असतात. हिरवा गोल म्हणजे सोपा उतार, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. कुणी कुठं जायचं हे ज्यानं त्यानं आपली तयारी ओळखून ठरवायचं. भाची हिरव्यावरून निळ्यावर गेली त्या दिवशी घरी पेढ्यांऐवजी मी शिरा केला.

तिथला बर्फही सगळा आभाळातून पडलेला नसतो, हे मला नवीनच. रात्री पारा शून्याखाली उतरला की तोफेसारख्या मोठ्या पंख्यांतून पाण्याचे बारीक तुषार आणि दाबलेली हवा उडवतात. खाली पडेपर्यंत त्या तुषारांचा बर्फ होतो. निसर्गानं हात आखडता घेतला तरी टेकडी पांढरी राहते. इतकंच काय, उन्हाळ्यात सराव करता यावा म्हणून प्लास्टिकच्या टोकदार केसांची चटईसुद्धा काही उतारावर अंथरलीय. (आमच्या ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, मग आपल्याकडंही अंथरूया. मी म्हटलं, आधी आहे त्या मैदानातला कचरा उचलूया.)

आणि सगळ्यांत मला आवडला तो दोर. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक जाड दोर सारखा फिरत असतो. खाली चाक, वर चाक, मोटार चालू. मोटेच्या नाड्यासारखा, फक्त न थांबणारा. मुलं हातमोज्यांनी तो घट्ट धरतात आणि तो त्यांना ओढत वर नेतो. वर सोडला की लगेच खाली. खाली आलं की पुन्हा दोर. मोठ्या डोंगरांवर पाळण्यात बसून वर जायला बराच वेळ जातो. इथं मिनिटाभरात. शर्यतीचा सराव करणारी एक मुलगी होती, तेरा-चौदाची असेल, डोक्यावर लाल हेल्मेट. एकदा वेळ जात नव्हता म्हणून मी मोजत बसले. अर्ध्या तासात ती तेरा वेळा खाली आली. तेरा वेळा! उतार छोटा आहे म्हणूनच हे जमतं, असं शेजारच्या बाईनं मला सांगितलं. मग तिनं लिंडसे व्हॉनची गोष्ट सांगितली. घरी येऊन बहिणीकडून ती नीट समजून घेतली.

लिंडसे व्हॉन याच बर्न्सव्हिल भागातली. या चिमणीएवढ्या टेकडीवर ती लहानाची मोठी झाली. तिच्या जन्माच्या वेळी तिच्या आईला पक्षाघाताचा झटका आला होता, हे वाचून मला बाळंतिणीच्या खोलीत बसल्या बसल्या काटा आला. टेकडीवर एरिक सेलर नावाचे ऑस्ट्रियातून आलेले प्रशिक्षक होते, कडक शिस्तीचे. त्यांनी पिढ्यान्‌ पिढ्या मुलं घडवली. त्यांची पद्धत साधी होती. छोटा उतार, दोर, आणि तेच वळण पुन्हा पुन्हा. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात. पुढं लिंडसेचं कुटुंब मोठ्या डोंगरांसाठी कोलोरॅडोला गेलं, ते खरं. पण पाया इथला. २०१० साली व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये तिनं 'डाउनहिल' या सगळ्यांत वेगवान शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं. अमेरिकेच्या बाईला त्या शर्यतीतलं ते पहिलंच सुवर्ण. २०१९ मध्ये निवृत्त झाली तेव्हा विश्वचषक मालिकेतल्या ८२ शर्यती जिंकलेल्या. आणि गुडघ्यात कृत्रिम भाग बसवून २०२४ च्या अखेरीस, चाळिशीत, ती पुन्हा बर्फावर उतरली. चाळिशीत! आपण चाळिशीत जिना चढताना कठडा धरतो.

ही टेकडी सुरू कुणी केली तर चक आणि नॅन्सी स्टोन या नवरा-बायकोनं, १९५४ साली. सरकारी योजना नव्हती की कुठल्या उद्योगपतीची देणगी नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडं पैसा आहे, त्यांचं काय सांगता? मीही बहिणीला हेच म्हटलं. आणि ती म्हणाली ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. हा खेळ स्वस्त अजिबात नाही. बूट, पट्ट्या, हेल्मेट, उताराचं तिकीट, सगळ्याला पैसे. पुष्कळ आया थंडी सुरू व्हायच्या आधी जुन्या सामानाच्या बाजारात जाऊन दुसऱ्यांच्या मुलांचे आखूड झालेले बूट घेतात. बहिणीनंही तसंच घेतलं होतं. ज्यांना तेही परवडत नाही त्यांची मुलं तिथं दिसतच नाहीत. शिवाय गुडघे मोडतात, हाडं मोडतात. लिंडसेच्याच शस्त्रक्रिया मोजायला गेलं तर आपलंच डोकं दुखेल. तेव्हा तिकडं सगळं आलबेल आहे असं काही मी म्हणत नाही.

पण त्या काचेच्या खोलीत बसून एक गोष्ट मात्र रोज दिसायची. संध्याकाळचे सहा वाजलेत, बाहेर मिट्ट काळोख, आणि मुली खेळतायत. आठ वर्षांच्या, बाराच्या, पंधराच्या. पंधराच्या मुली मला तिथं खूप दिसल्या, आणि त्यांच्याकडं बघताना माझ्या पोटात काहीतरी हलायचं.

कारण आपल्याकडं पंधराची मुलगी मैदानात दिसते का? खरं सांगा. सात-आठ वर्षांच्या दिसतात. दहाच्या थोड्या कमी. पाळी सुरू झाली, आठवी-नववी आली, की एकेक करून गळतात. कुणी हाकलून देत नाही त्यांना. फक्त क्लास सुरू होतो. क्लास सुटेपर्यंत अंधार पडतो. अंधार पडला की मैदान मुलांचं, आणि त्याहून उशीर झाला की मुलांचंही नाही, बाटल्या घेऊन बसणाऱ्यांचं.

मी स्वतः नववीपर्यंत खो-खो खेळले. खांबाला वळसा घालून पळण्यात माझा हात कुणी धरायचं नाही. नववीच्या उन्हाळ्यात वडील म्हणाले, आता पुरे. मी "बरं" म्हटलं. रडले वगैरे नाही. तेव्हा सगळ्याच मुलींचं तसं व्हायचं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं.

पण वडिलांवर ढकलून मला सुटता येत नाही. माझी मुलगी धावायची. शाळेच्या स्पर्धेत दोनशे मीटरमध्ये पहिली यायची. सातवीत असताना एकदा उन्हातून आली, तोंड लालबुंद, मान काळवंडलेली, आणि मी म्हटलं, "किती काळी पडलीस गं. पुरे आता ते पळणं." बोलून गेले. नुसतं एवढंच. पुढच्या आठवड्यापासून ती गेली नाही. मीही विचारलं नाही. बचत गटाच्या बायकांना मुलींच्या शिक्षणावर भाषणं देणारी मी! ती आता पुण्यात नोकरी करते. मागे मी तिला फोनवर टेकडीचं, लाल हेल्मेटवालीचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, तू मला काळी पडलीस म्हणाली होतीस, आठवतं का?" मला आठवत होतं. तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

असो.

बर्फाचं म्हणाल तर आपल्या देशातल्या मुलीही मागं नाहीत. १९८८ साली कॅलगरीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये शैलजा कुमार उतरली, हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भाग घेणारी ती पहिली भारतीय महिला. २००६ मध्ये तुरिनला नेहा आहुजा होती. २०१८ च्या जानेवारीत मनालीजवळच्या गावातल्या आंचल ठाकूरनं तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक आणलं, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक म्हणून तेव्हा त्याचं कौतुक झालं. आंचलच्या गावाला सोलंगचे उतार हाकेच्या अंतरावर, घरात खेळाचं वातावरण. पण कर्नाटकातल्या कोडगूची भवानी बघा. तिच्या गावात कॉफीचे मळे, बर्फाचा थेंब नाही, आणि ती लांब पल्ल्याच्या बर्फावरच्या शर्यतीत देशाकडून खेळते. आपल्या शेजारच्याच राज्यातली पोरगी!

आपल्याही मातीत काय कमी आहे? धाराशिवची सारिका काळे खो-खो खेळत भारतीय संघाची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे. तिनं २०२२ मध्ये ट्वेंटी-ट्वेंटीच्या एका डावात नाबाद १६२ धावा केल्या, त्याच वर्षी भारताकडून खेळली. पण त्या १६२ धावा तिनं कुणाकडून काढल्या माहितीये? नागालँडकडून. माळशिरस तालुक्यातली मुलगी आणि नागालँड! तिच्या जिद्दीला सलाम. पण प्रत्येक मुलीत एवढी जिद्द असावी अशी अट आपण का घालायची? साधारण जिद्दीच्या, साधारण मुलींनी कुठं खेळायचं?

अशा गोष्टी आपण पेपरात वाचतो, कात्रण काढतो, आठ मार्चला फळ्यावर लावतो. आणि त्या दिवशी मुलींसाठी एक दिवसाचं कराटे शिबिर. पाहुणे, शाल-श्रीफळ, प्रमाणपत्र, फोटो. मी स्वतः अशी चार-पाच शिबिरं भरवलीत, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे. एका दिवसात कुणी लाथ मारायला शिकत नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं जायचं कुठं, हा प्रश्न आम्ही संयोजक बायकांनी कधी एकमेकींना विचारला नाही. त्या टेकडीवरची मुलगी अर्ध्या तासात तेरा वेळा तेच वळण घेते, आणि आमची मुलगी वर्षातून एकदा कराटे करते.

मोठं स्टेडियम हवंच, माझा विरोध नाही. आपलं पार्क स्टेडियम आहे, तिथं चांगल्या सोयी झाल्या तर आनंदच आहे. पण अक्कलकोट रोडकडच्या विडी कामगार बाईची मुलगी दोन रिक्षा बदलून तिथं रोज जाणार आहे का? जायचं भाडं, यायचं भाडं, सोबतीला कुणीतरी. तिची आई तर विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत सूप सोडून उठू शकत नाही. तिला हवंय ते घरापासून हाकेच्या अंतरावर. आईनं दारातून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. तिथं दिवे असावेत, बाथरूम असावं (मुलींच्या खेळाची चर्चा करताना पुरुषमंडळी हे एक नेमकं विसरतात), आयांना बसायला दोन बाकं असावीत, आणि शिकवायला एक बाई असावी. झालं. चिमणीएवढंसुद्धा उंच काही नको.

अमेरिकेतही मुली आपोआप मैदानावर आल्या नाहीत बरं का. १९७२ साली तिथं एक कायदा झाला, 'टायटल नाइन' म्हणतात त्याला. सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही, हा त्याचा गाभा. त्यात खेळही आला. मुलींचे संघ उभे करावे लागले, त्यांच्यासाठी मैदान आणि प्रशिक्षक द्यावे लागले. त्याआधी तिकडच्या आयाही मुलींना "पुरे आता" म्हणतच असतील. आपल्याकडं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलेलंच आहे. तुमच्या मुलीच्या शाळेचं मैदान आठवा बरं. मग त्यात दुचाक्या किती लागतात तेही आठवा.

आमच्या भागात एक मोकळी जागा आहे. कागदावर खेळाचं मैदान. कुठलं ते सांगत नाही, कारण अशी जागा तुमच्याही भागात असणारच आणि तुम्हाला ती ओळखू येईल. वर्षातले बरेच दिवस तिथं मांडव. लग्न, जयंती, प्रदर्शन. मांडव उठला की खड्डे, खिळे आणि पत्रावळ्या राहतात. मध्यंतरी तिथं दुकानगाळे काढायची कुजबुज होती. एका जबाबदार माणसाला मी भेटले, मुलींसाठी संध्याकाळचे दोन तास राखून ठेवा आणि दिवे लावा म्हणून. ते सज्जनपणे म्हणाले, "ताई, दिवे लावून काय उपयोग? मुली येणारच नाहीत." मी म्हटलं, "दिवे नाहीत म्हणून मुली येत नाहीत." ते म्हणाले, "मुली येत नाहीत म्हणून तर दिवे नाहीत." आम्ही दोघंही थोडं हसलो. चहा प्याले आणि परत आले.

मग बचत गटाच्या बैठकीत मी एक प्रश्न विचारला. हप्त्याचे पैसे गोळा करून झाले होते, सगळ्या उठायच्या घाईत. म्हटलं, बायांनो, तुमची मुलगी शेवटची कधी पळाली? बस पकडायला नाही, पाण्याच्या टँकरमागं नाही, नुसती खेळायला. कुणी बोलेना. एक हसून म्हणाली, "आमची मोबाईलवर पळवते की, गाड्या." सगळ्या हसल्या. मागं एक तेलुगू बाई बसली होती, विड्या वळणारी, एरवी शब्द काढत नाही. ती म्हणाली, "माझी पोरगी रोज विचारती, अम्मा जाऊ का. मी म्हणते दिवा नाय तिथं. अक्का, तुमी दिवा लावा, मी पाठवते. मी सोता येऊन बसते, तिथंच विड्या वळते."

एवढं तिनं म्हटलं आणि बैठकीचा रंगच पालटला. दुसरी म्हणाली माझा भाऊ वायरमन आहे. तिसरी म्हणाली समोरच्या पिठाच्या गिरणीतून लाईट मिळेल, बिल आपण गटातून भरू. गटाच्या पैशातून बिल भरायचं की नाही यावर मोठं भांडण झालं, दोघी रुसून गेल्या, त्यातली एक अजून बोलत नाही. तिचंही चूक नाही. तिला मुलगी नाही, तिचे पैसे कर्जासाठी ठेवलेले. शेवटी गटाला हात न लावता घरटी वर्गणी काढायचं ठरलं. गिरणीवाल्या भाऊंनी मीटर बघून पैसे घेईन म्हटलं. आणि परवानगीचा रीतसर अर्ज महिन्यातून एकदा मी पुन्हा देते. पोच घेते. फाईल करून ठेवलीय.

शिकवायला शाळेतल्या एक निवृत्त पी.टी.च्या बाई तयार झाल्या. त्यांचा पहिला प्रश्न, "बाथरूम?" मैदानाला लागून असलेल्या घरातल्या आजींनी त्यांच्या अंगणातलं वापरू दिलंय. अट एकच, चपला बाहेर काढायच्या.

पहिल्या दिवशी पाच मुली आल्या. त्यात एक चौदाची, ओढणी कमरेला बांधून. कडेला बाक नाही, म्हणून आयांनी चटया आणल्या. ती तेलुगू बाई सूप मांडीवर घेऊन बसली, पान कापत होती आणि मान वर करून बघत होती. पी.टी.च्या बाईंनी दोन खांबांच्या जागी दोन काठ्या रोवल्या. चौदाची मुलगी पळता पळता पहिल्याच वळणाला घसरून पडली. ढोपर सोलवटलं. तिची आई उठायला लागली, तर बाईंनी हातानं तिला बस म्हणून खूण केली आणि मुलीला म्हणाल्या, "पडलीस ना? छान. आता उठ कसं ते दाखव."

मला माझी भाची आठवली.

सध्या तीन दिवे लागलेत. चौथ्या खांबापर्यंत वायर पुरत नाही, त्यामुळे मैदानाचा तो कोपरा काळोखातच आहे आणि बाटल्यावाले तिकडं सरकलेत. आम्ही आमच्या चटया रोज थोड्या थोड्या त्या बाजूला नेतोय. मुलगी पुण्याहून दिवाळीला येणार आहे. तिला विचारलंय, दोन दिवस मुलींना पळायला शिकवशील का? तिनं अजून हो म्हटलेलं नाही. "बघू," म्हणाली. आणि मग फोन ठेवता ठेवता, "माझे बूट आहेत का गं अजून माळ्यावर?"

मी स्टूल घेऊन चढले. आहेत. तळ सुटलाय, पण चांभाराकडे टाकलेत.